टायर आणि क्राऊन-पिनियन: जुन्या पिकअपचे गणित

धाराशिव जिल्ह्यात जुनी महिंद्रा पिकअप किंवा जीप अजून कामाला लावणाऱ्या माणसाची अडचण रस्त्यांपासूनच सुरू होते. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशी करत बीडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ चौपदरी झाला आहे. त्यावर ताशी ५० ने चालणारी गाडी मागच्याला अडथळा होते आणि स्वतःही धोक्यात असते. त्याच महामार्गावरून दोन किलोमीटर आत वळले की पाणंद लागते. पावसाळ्यात कळंबच्या मांजरा काठची काळी जमीन चाकाला धरून ठेवते, तर भूम-परंड्याच्या बाजूला माळ, मुरूम आणि टोकदार दगड. शिवाय सगळा जिल्हा बालाघाटाच्या डोंगररांगेवर आणि तिच्या उतरणीवर पसरलेला, म्हणजे तुळजापूरचा घाट किंवा येडशीहून रामलिंगाकडे उतरणारा रस्ता कुणाला चुकत नाही. एवढ्या सगळ्याला एकच टायर आणि एकच गिअर कसा पुरणार, हा प्रश्न आहे.

टायर संपले की बहुतेक जण दुकानात जाऊन जे मिळेल ते बसवतात. गाडी महामार्गावर ओरडायला लागली की मेकॅनिकला ‘रेशो बदल’ म्हणून सांगतात. दोन निर्णय दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या माणसांच्या सल्ल्याने होतात. माझे म्हणणे असे, की टायरची उंची आणि मागच्या-पुढच्या हौसिंगमधला क्राऊन-पिनियन ही एकाच बेरजेची दोन पदे आहेत. एकाला हात लावायचा तर दुसऱ्याचा आकडा आधी कागदावर मांडायला हवा. आणि त्याच्याही आधी इंजिनाला विचारायला हवे, की तुला किती फेऱ्यांवर बरे वाटते?

हे गिअर असे का आहेत, ते कळले की पुढचे सोपे जाते. स्वातंत्र्यानंतर लगेच महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे सीजे-३बी हे उंच बॉनेटचे मॉडेल आपल्याकडे दशकानुदशके बनत राहिले. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीपचा हौसिंगमधला रेशो ४.८८ होता आणि ट्रान्सफर केसचा लो १.९७. युद्ध संपले तेव्हा विलीजने हीच गाडी शेतकऱ्याला विकायची ठरवली. नांगर ओढायचा, मागच्या शाफ्टवर यंत्र चालवायचे, म्हणून हौसिंगचा रेशो ५.३८ केला आणि ट्रान्सफर केसचा लो २.४३ वर नेला, जो नंतर २.४६ झाला. तीन गिअरच्या टी-९० बॉक्सचा पहिला गिअर २.८, दुसरा १.५५ आणि तिसरा सरळ. थोडक्यात, आपल्याकडच्या जुन्या जीपचा आणि तिच्या चुलत भावंडांचा, म्हणजे चार चाकी जोराच्या विलीज ट्रकचा आणि एफसी-१५० या चपट्या तोंडाच्या पिकअपचा, गिअर मुळात शेतासाठी बांधलेला आहे. महामार्गावर ती ओरडते ती बिघाडामुळे नव्हे. ती तिचे ठरलेले काम करत असते.

आता आकडे. जीपचा मूळ टायर ६.००-१६. नवा असताना त्याचा व्यास ७३० मिलिमीटरच्या आसपास भरतो. वजनाखाली तो थोडा दबतो, म्हणून एका फेरीत गाडी साधारण २.२२ मीटर पुढे जाते. एका किलोमीटरला चाकाच्या ४५० फेऱ्या झाल्या. त्याला ५.३८ ने गुणले की टॉपमध्ये इंजिनाच्या २,४२० फेऱ्या होतात. ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, त्यामुळे हाच आकडा ६० च्या वेगाला इंजिनाचा आरपीएम होतो. हिशोब करायला याहून सोपी जागा नाही: किलोमीटरमागच्या फेऱ्या काढा, ६० चा आरपीएम हातात आला. ताशी ८० ला तो ३,२३० होतो.

मूळ हरिकेन पेट्रोल इंजिन २,१९९ सीसीचे, ताकद ७२ अश्वशक्ती, पण ती ४,००० फेऱ्यांवर. खरा ओढा २,००० फेऱ्यांवर मिळतो. म्हणजे ताशी ५० ते ६० ला हे इंजिन आपल्या सर्वांत चांगल्या जागी असते. ८० ला काय होते? या इंजिनाचा स्ट्रोक १११ मिलिमीटर, बोअरपेक्षा खूप लांब. ३,२३० फेऱ्यांवर पिस्टन सेकंदाला सरासरी १२ मीटर धावतो. जुन्या इंजिनाला, ज्याचे बेअरिंग आणि तेलाचा दाब कुणी कधी बघितला ते माहीत नाही, हे तासन् तास सोसवत नाही. धाराशिवहून सोलापूरपर्यंत ८० ने नेली तर त्या दिवशी काही होणार नाही. वर्षभर रोज नेली तर होईल.

टायर बदलून यात किती फरक पडतो, ते आता बघू. ७.००-१६ चा व्यास सुमारे ७७८ मिलिमीटर. तो बसवला की रेशो ५.३८ चा असला तरी तो ५.०५ असल्यासारखा वागतो. ६० ला आरपीएम २,४२० वरून २,२७० वर येतो आणि ८० ला ३,०३०. फरक साडेसहा टक्क्यांचा. बोलेरोचा २१५/७५ आर १५ हा टायर सगळीकडे मिळतो म्हणून अनेक जण रिमसकट तोच बसवतात. त्याचा व्यास ७०३ मिलिमीटर, म्हणजे मूळ टायरपेक्षा लहान. रेशो आणखी खाली जातो, ५.५८ सारखा होतो आणि ६० ला इंजिन २,५१० वर फिरते. रुंद टायर दिसायला दणकट दिसतो, पण महामार्गावर गाडी आधीपेक्षा जास्त ओरडते आणि हौसिंगखालची जागाही १३ मिलिमीटरने कमी होते. २३५/७५ आर १५ हा ७३३ मिलिमीटरचा, म्हणजे उंचीने जवळजवळ मूळ ६.००-१६ एवढाच. रेडियल हवाच असेल आणि रेशोला धक्का लावायचा नसेल तर आकड्यांनी हाच जुळतो. ३१ इंची रुंद टायरने ७.००-१६ एवढीच उंची मिळते, वर अडीच-तीन इंच रुंदी फुकट अंगावर येते. ती का नको, ते पुढे सांगतो.

रेशो बदलला तर? ४.८८ चा क्राऊन-पिनियन आणि ६.००-१६ टायर धरले तर ६० ला २,२०० आणि ८० ला २,९३० फेऱ्या. ४.२७ धरला तर ६० ला १,९२० आणि ८० ला २,५६० च्या घरात. म्हणजे टायरने जे साडेसहा टक्के मिळवायचे, ते क्राऊन-पिनियनने दहा किंवा वीस टक्के मिळतात. टायर हा बारीक फरकाचा उपाय आहे आणि रेशो मोठ्या फरकाचा. पुष्कळ लोक टायर मोठा करत करत गाडी महामार्गाची करू बघतात. त्यात स्टिअरिंग जड होते, पाट्यांना टायर घासतो, ब्रेक कमी लागतो आणि शेवटी आरपीएम फक्त दोनशेने उतरलेला असतो.

ब्रेकचे जरा सविस्तर सांगायला हवे, कारण त्याचा हिशोब कुणी करत नाही. सीजे-३बी च्या जुन्या गाड्यांना ९ इंची ड्रम आहेत. चाकाची उंची जेवढी वाढते तेवढी ड्रमची पकड रस्त्यापर्यंत कमी पोचते. साडेसहा टक्के उंच टायर म्हणजे पायाने तेवढाच दाब दिला तर साडेसहा टक्के कमी ब्रेक. वर वेग वाढवायला मोकळीक मिळालेली. तुळजापूरच्या घाटात सोयाबीनची पोती भरून उतरताना हा फरक पायाला कळतो. म्हणून माझे स्पष्ट मत आहे: ९ इंची ड्रमच्या गाडीला ७.००-१६ च्या वर जाऊ नये आणि ७.००-१६ लावायचा असेल तर आधी लायनर, व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर नवे करावेत. त्यासाठी पैसे नसतील तर टायर मूळ मापाचाच घ्यावा.

रुंदीचा प्रश्न आता. काळ्या जमिनीत रुंद टायर वर तरंगतो आणि अरुंद टायर रुततो, असे म्हटले जाते. वाळूत ते खरे आहे. आपल्या काळ्या मातीत ते अर्धेच खरे. पहिल्या पावसानंतर वरची चार-पाच इंच माती भिजलेली असते आणि खाली कोरडा, घट्ट थर असतो. अरुंद, उंच, उघड्या लगांचा टायर वरचा चिखल कापून त्या थरावर उभा राहतो आणि गाडी निघते. रुंद टायर वरच्या चिखलातच लोळतो, त्याची नक्षी दोन फेऱ्यांत भरून गुळगुळीत होते. श्रावण-भादव्यात जमीन खोलवर भिजली की मात्र कुठलाच टायर पुरत नाही. तेव्हा ट्रॅक्टरच लागतो आणि हे मान्य करून गाडी डांबरी सडकेवर उभी करण्यात शहाणपण आहे. कळंब भागातल्या माणसाला मी म्हणूनच रुंद टायर सांगणार नाही. भूम-परंड्याच्या दगडी माळावर रुंदीपेक्षा बाजूची भिंत महत्त्वाची. तिथे प्रवासी गाडीच्या रेडियलची पातळ भिंत एका धारदार दगडाने फाटते आणि तो कट भरून येत नाही. तिथे नायलॉन किंवा हलक्या मालवाहू गाडीचा एलटी रेडियलच हवा.

रुंद टायरचा आणखी एक त्रास. जुन्या जीपची मूळ रिम साडेचार इंच रुंदीची. २१५ च्या टायरला सहा इंची रिम लागते, आणि ती बसवली की चाक बाहेर सरकते. पुढच्या किंगपिनच्या बेअरिंगवर तरफ वाढते. या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नाही. मंडईत किंवा कारखान्याच्या गेटवर उसाच्या गाड्यांमधून वळवताना हात भरून येतात, आणि पुढे काही महिन्यांनी ताशी ४०-५० ला पुढची चाके थरथरू लागतात. लोक मग टायरचे बॅलन्सिंग करत बसतात. दोष बहुतेक वेळा झिजलेल्या किंगपिनचा आणि बाहेर सरकलेल्या चाकाचा असतो.

सगळ्यांत जास्त जपायचे ते एका सापळ्याला. ६.००-१६ हे माप तालुक्याच्या प्रत्येक टायरच्या दुकानात मिळते. उमरगा असो, वाशी असो की लोहारा, दुकानाच्या बाहेरच थप्पी लावलेली असते. कारण हेच माप ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचे आहे. किंमत कमी, रबर जाड, रिमवर बरोबर बसतो आणि बाजूला लिहिलेले माप हुबेहूब तेच. म्हणून पुष्कळ जीपा आणि पिकअप ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरवर धावताना दिसतात. हा टायर ओळखायचा कसा? त्याच्या पृष्ठभागावर आडवी नक्षी नसते, गोल फिरणाऱ्या दोन-तीन उंच सरळ कडा असतात. मधली कड बहुतेक वेळा सर्वांत उंच. बाजूला एफ-२ असे छापलेले असते आणि वेगाचे चिन्ह ए६ किंवा ए८. ए६ म्हणजे ताशी ३० आणि ए८ म्हणजे ताशी ४० किलोमीटरची मर्यादा. त्या कडा मातीत रुतून ट्रॅक्टरला वळवण्यासाठी आहेत. ओल्या डांबरावर ब्रेक दाबला की धरायला त्यांच्याकडे फारसे काही नसते. मागच्या चाकांना लावले तर चिखलात ते फिरत राहतात, कारण ओढण्यासाठी आडवी लग लागते. आणि महामार्गावर ६०-७० ने तासभर पळवला तर त्याचा गाभा तापतो, थर सुटतो. मे महिन्यात धाराशिवची सडक कशी तापते ते इथल्या माणसाला सांगायला नको. जीपचा ६.००-१६ वेगळा बनतो, तो आजही मिळतो. सोलापूर किंवा लातूरहून मागवावा लागेल, चार-आठ दिवस थांबावे लागेल, थोडे जास्त पैसे पडतील. ते द्यावेत.

त्याच वेळी टायरची जन्मतारीखही वाचून घ्यावी. बाजूच्या भिंतीवर चार आकडे एका लंबगोलात असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. जुन्या मापाचे टायर दुकानात वर्षानुवर्षे पडून राहतात आणि जुन्या गाड्या वर्षाला थोड्याच धावतात. त्यामुळे आपल्याकडे हे टायर झिजून संपण्याआधी उन्हाने तडकून संपतात. नक्षी नव्यासारखी आणि भिंतीवर केसासारख्या चिरा, अशा टायरवर महामार्गावर जाऊ नये. कायद्याने नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते, पण चिरांना कायदा मोजत नाही. ते आपणच बघायचे.

पिकअपवाल्यांसाठी एक चांगली वाट आहे. अमेरिकेतल्या मूळ एफसी-१५० ला ७.००-१५ चे टायर होते. हेच माप आज आपल्या रस्त्यांवरच्या मोठ्या पिकअपना रेडियल एलटी रूपात, ७.०० आर १५ म्हणून येते आणि प्रत्येक टायरवाल्याकडे असते. व्यास ७५० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे ६.००-१६ पेक्षा पावणेतीन टक्के उंच. ५.३८ चा रेशो ५.२४ सारखा वागतो. भार घ्यायची ताकद भरपूर, भिंत जाड, रुंदी माफक, रंगरूप जुन्या गाडीला शोभणारे. माल वाहणाऱ्या जुन्या पिकअपला १५ इंची रिम घालायची तयारी असेल तर माझी पहिली पसंती याला. फक्त रिम घेताना पाच बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास साडेपाच इंच आहे का आणि मधले भोक हबवर बसते का ते प्रत्यक्ष लावून बघावे. नट ढिले करतानाही सांभाळून. विलीजच्या वळणाच्या अनेक जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. पंक्चरवाल्याला आधी सांगितले नाही तर तो पान्ह्यावर उभा राहतो आणि स्टड तुटतो.

रेशोकडे वळू. आपल्या मेकॅनिकांच्या तोंडी रेशो दशांशात नसतो, दातांत असतो. ८-४३ म्हणजे ५.३८, ८-३९ म्हणजे ४.८८, ११-४७ म्हणजे ४.२७. गाडीत कुठला सेट आहे हे कागदावरून ठरवू नये, कारण पन्नास वर्षांत कुणी काय बदलले ते कुणालाच ठाऊक नसते. मोजायची पद्धत सोपी आहे. गाडी सपाट जागेवर न्यूट्रलला ठेवावी, पुढच्या चाकांना दगड लावावेत, मागचे एकच चाक जॅकवर उचलावे. टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करावी. उचललेले चाक हाताने बरोबर दोन फेऱ्या फिरवावे आणि शाफ्ट किती फिरला ते दुसऱ्याने मोजावे. दुसरे चाक जमिनीवर अडकलेले असल्याने दोन फेऱ्या म्हणजे क्राऊनची एक फेरी होते. शाफ्ट पाच फेऱ्या आणि वर एक तृतीयांशापेक्षा थोडा जास्त फिरला तर ५.३८. पाचला थोडा कमी पडला तर ४.८८. चार आणि पाव, तर ४.२७. मग हेच पुढच्या हौसिंगला करावे. मागे एक आणि पुढे दुसराच रेशो असलेल्या गाड्या या भागात दुर्मीळ नाहीत, कारण पुढचा शाफ्ट कधीच काढून ठेवलेला असतो आणि फोर बाय फोरचा दांडा नुसता नावाला उरलेला असतो.

फोर बाय फोर चालू ठेवायचा असेल तर दोन्ही हौसिंगचा रेशो एकच हवा, यात तडजोड नाही. ४.८८ आणि ५.३८ मध्ये दहा टक्के फरक आहे. चिखलात चाके घसरून तो पचवतील, पण कोरड्या जागेवर दांडा टाकला तर ट्रान्सफर केस, जॉइंट आणि शाफ्ट एकमेकांना पिळू लागतात आणि सर्वांत अशक्त भाग तुटतो. टायरलाही हेच लागू. मागे नवे लग आणि पुढे घासलेले जुने टायर असले तर उंचीत दोन-तीन टक्के फरक सहज येतो. चारी टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि शक्यतो एकाच वयाचे. दोन रेडियल, दोन नायलॉन असे मिश्रण तर करूच नये. वळणावर दोन्ही टोके वेगवेगळी वागतात.

४.२७ बसवला की महामार्ग सुखाचा होतो, पण किंमत दुसरीकडे मोजावी लागते. ५.३८ वर पहिला गिअर १५ ला जातो, ४.२७ वर तो १२ ला येतो. भरलेली पिकअप चढावर उचलताना वीस टक्के ओढा कमी, आणि ती तूट क्लच प्लेट भरून काढते. लो रेंजमध्ये पहिल्या गिअरला ५.३८ वर एकूण ३७ पट घट मिळते. इंजिन १,००० वर धरले तर गाडी ताशी ३.६ किलोमीटरने, म्हणजे माणसाच्या चालीने सरकते. ४.२७ वर २९ पट आणि ताशी साडेचार. दगडी ओढ्यातून उतरताना हा फरक चांगलाच जाणवतो. घाटात मात्र गंमत उलटी होते. ५.३८ वर दुसऱ्या गिअरला ताशी ४० ला इंजिन २,५०० वर असते आणि टॉप ओढत नाही. ४.२७ वर दुसऱ्यात ४० ला २,००० फेऱ्या पडतात, नेमक्या हरिकेनच्या ओढ्याच्या जागी. तीन गिअरच्या बॉक्सला अशा रेशोने घाटाचा एक चांगला गिअर मिळतो.

मग कुणी काय करावे? हे इंजिनावर ठरते. जिल्ह्यातल्या बहुतेक जुन्या गाड्यांचे पेट्रोल इंजिन कधीच उतरले आणि जागी डिझेल आले. त्यात २,५२३ सीसीचे डीआय इंजिन असेल तर ते ३,००० च्या पुढे नेण्यासाठी नाहीच. त्याचा ओढा खालून येतो. अशा इंजिनाला ५.३८ ठेवणे म्हणजे ८० ला त्याला मर्यादेच्या टोकावर धावायला लावणे. तिथे ४.२७ आणि ७.०० आर १५ ही जोडी मला सर्वांत योग्य वाटते: ८० ला अडीच हजारांच्या आत फेऱ्या, आणि डिझेलच्या खालच्या ओढ्यामुळे पहिल्या गिअरची तूटही भरून निघते. प्यूजोचे २,११२ सीसीचे डिझेल असेल तर त्याची ताकद चार हजारांच्या वर मिळते, खाली ते मऊ असते. त्याला ४.८८ बरा. ४.२७ देऊन भरलेल्या गाडीने घाटात सारखे दुसऱ्यात उतरावे लागेल. मूळ हरिकेन पेट्रोल असेल आणि गाडी शेतासाठी, गावच्या बाजारासाठी असेल तर ५.३८ सोडू नये. टायर ६.००-१६ किंवा ब्रेक नीट असतील तर ७.००-१६, आणि महामार्गावर ताशी ६०, डाव्या बाजूने. पाच गिअरचा बॉक्स बसवण्याचा तिसरा मार्ग आहे. त्यात खालचा ओढा तसाच राहून वर ओव्हरड्राइव्ह मिळतो, म्हणजे तत्त्वतः तोच उत्तम. पण बेल हौसिंग, क्लच, ट्रान्सफर केसची जोडणी, दोन्ही प्रोपेलर शाफ्टची लांबी, सगळे बदलते. जीपचा मागचा शाफ्ट आधीच आखूड. बॉक्स लांब झाला की तो आणखी आखूड होतो आणि जॉइंटचा कोन वाढतो. लांब चेसिसच्या पिकअपला हे सोसते, आखूड जीपला क्वचित.

क्राऊन-पिनियन भंगारातून घेताना एक बघावे. कारखान्यात क्राऊन आणि पिनियन एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात आणि दोघांवर एकच जुळणारा क्रमांक ठोकलेला असतो. एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन, दात बरोबर असले तरी, आवाज करतो आणि लवकर संपतो. बसवताना पिनियनची खोली शिमने जमवणे, दातांना रंग लावून खूण दाताच्या मधोमध उमटते का ते बघणे आणि बॅकलॅश डायलने मोजणे, हे सगळे करणारा मेकॅनिक शोधावा. बॅकलॅश ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरच्या मध्ये हवा. हाताने हलवून ‘बरं आहे’ म्हणणाऱ्याकडे हौसिंग उघडू नये. विलीजच्या मागच्या मोठ्या हौसिंगमध्ये ५.३८ वरून ४.२७ वर येताना आतला केस तोच चालतो, ही त्यातल्या त्यात सोय.

यानंतर मीटर खोटे बोलू लागते, कारण त्याची केबल ट्रान्सफर केसवरून निघते. त्याला हौसिंगमधला बदल कळतच नाही. ५.३८ चे ४.२७ केले आणि मीटरचा पिनियन तोच ठेवला तर काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ७५ ने धावत असते. १०० किलोमीटर दाखवले तेव्हा १२६ झालेले असतात. रेशो बदलल्यावर ॲव्हरेज कमी झाले, अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी हा हिशोब करावा. मीटरचा छोटा गिअर बदलता येतो. तो मिळेपर्यंत महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांवरून काटा तपासून घ्यावा.

कागदपत्रांची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलात फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ उत्पादकाच्या तपशिलाविरुद्ध बदल चालणार नाहीत असे म्हटले आहे. इंजिन बदललेले असेल तर एमएच-२५ च्या कार्यालयात त्याची नोंद आहे का ते पुनर्नोंदणीच्या आधी बघावे. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी विंटेज नोंदणी आहे. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. पण त्यासाठी चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळचे लागते, आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. ज्याच्या पिकअपचे हरिकेन इंजिन अजून जिवंत आहे त्याने ४.२७ चा मोह धरण्याआधी याचा विचार करावा. निदान काढलेला ८-४३ चा सेट, क्रमांकासकट, ग्रीस लावून कोरड्या जागी ठेवून द्यावा. तो पुन्हा मिळणे वर्षागणिक अवघड होत चालले आहे.

टायर घेताना पाच घ्यावेत. चार नवे आणि स्टेपनीला जुना, वेगळ्या मापाचा, ही इथली पद्धतच आहे. पाणंदीत पंक्चर झाले, तो जुना टायर मागे चढवला आणि बाहेर निघायला फोर बाय फोरचा दांडा टाकला, की इतके सगळे जमवलेले गणित एका चाकाने बिघडते. तशी वेळ आलीच तर वेगळ्या मापाचे चाक पुढच्या बाजूला, शाफ्ट जोडलेला नसेल तर, लावावे आणि दांडा वर न टाकता हळू घर गाठावे.